अजून एक आहे

फुलपाडा, विरार (पूर्व)
२४ जून १९९७

प्रिय रिटा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घातलं नसशील, तर पुढचं वाच. तुझं वटार आणि आमचा फुलपाडा यांच्यामध्ये एक रेल्वेलाइन आहे आणि अर्ध्या तासाचा एसटीचा रस्ता. तेवढं अंतर कापायला मला तेरा वर्षं लागली, तीही पोस्टाने.

कामाचं आधी सांगते. आमच्या अनुष्कात दिनाची ताकद उतरली आहे. (चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, पण तुला लिहिताना दिनाच येतं.) शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच आम्हाला बोलावणं आलं. खो-खो खेळताना वळसा घ्यायला हिने खांबाला हात घातला आणि खांब उपटून हातात आला. बाई म्हणाल्या, "हा निघालाच कसा?" दिना घाईघाईने म्हणाला, "वाळवी असेल." बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. खांब लोखंडी होता.

तेव्हापासून रोज काहीतरी. कंपासपेटी चेपली, बाथरूमची कडी निघाली, बादलीचा कान तुटला. इथे पाणी टँकरने येतं आणि तिसऱ्या मजल्यावर चढवावं लागतं. परवा मी नळीपाशी गुंतले होते, वळून बघते तर ही दोन काखांत दोन भरलेली पिंपं घेऊन जिना चढतेय. मागे शेजारची, पिंकीची आई. मी ओरडले, "रिकामी पिंपं कशाला नेतेस गं वर?" पिंकीची आई म्हणाली, "रिकामी? मग माझ्या साडीवर काय सांडलं?"

दिना स्वतः तेरा वर्षं नाटक करतो आहे. एक हंडा दोन हातांनी उचलतो, प्रत्येक मजल्यावर टेकतो, धापा टाकतो. बिल्डिंगमधल्या बायका त्याला लिंबूपाणी देतात. पण मुलीला हे नाटक येत नाही. तिला मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकायचा असतो, आणि मी लांबून बघत असते, श्वास रोखून, की हात किती घट्ट पडला.

दिनाने तुझी पद्धत करून बघितली. आठवतं, तू त्याला दोन मुठींत दोन अंडी देऊन बसवायचीस आणि मानेमागे तळहात ठेवायचीस. अंडं फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. इथे तीन डझन फुटली. आठवडाभर आम्ही आम्लेट खातो आहोत. अंडी मिळतात गं इथे. तळहात मिळत नाही. तुझ्या हाताखाली कोणाचीही शक्ती निवते, हे आमच्यातलं दुसऱ्या कोणालाच जमलं नाही.

आपल्याला कधी नाव नव्हतं. खाडीपट्ट्यात लोक नुसतं 'ते चौघं' म्हणायचे. दिना उचलायचा, तुझा भाऊ पास्कल पाण्याखाली तास तास राहायचा, मी दोन गावांपलीकडचं ऐकायचे, आणि तू आम्हा तिघांना आवरायचीस. मुलीला फक्त एकदा हात लाव, एवढंच मागते. ती अकरा वर्षांची आहे.

आणि काळजी करू नकोस, मी ऐकत नाही. शक्ती वापरायची नाही ही आपण चौघांनी घेतलेली शपथ मी मोडलेली नाही. कानात कायम कापूस असतो, शेजाऱ्यांना वाटतं मला कानाचं दुखणं आहे. पास्कल कसा आहे हे खरंच माहीत नाही, म्हणून विचारते.

जयवंती


१७ जुलै १९९७

प्रिय रिटा,

मी ऐकलं. तीन मिनिटं फक्त, भर दुपारी, डावा कापूस काढून. पत्र गेल्याला तीन आठवडे झाले होते आणि मला राहवेना. तुझ्या घरी कोणीतरी विचारलं, "ते पाकीट कसलं होतं गं त्या दिवशी?" तू म्हणालीस, "लाइटबिल." मग तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि झाकणाखाली कागद सरकला. म्हणजे फाडलेलं नाहीस. फोडलेलंही नाहीस.

विचारणारा पास्कल होता. दोन शब्दांमध्ये तो थांबतो. आधी वाटलं भाता चालवतोय कोणी. श्वास होता तो.

हे पत्रही डब्यात जाईल. तरी लिहिते, कारण इथे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

अनुष्काला आम्ही सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. आपल्या चौघांच्या कामासाठी तू शिवलेल्या निळ्या अंगरख्याचं मी शिलाई मशीनचं कव्हर केलं आहे, कापड इतकं चिवट की टाकवेना. ते धुवायला काढताना तिला त्याची बाही सापडली. मशीनच्या कव्हरला बाही कशाला, असा प्रश्न. दिना आधी माझ्याकडे बघत बसला, मग एकदम सुटला. पुरात वाहून चाललेली म्हैस त्याने कशी खांद्यावर आणली, उतरल्यावर म्हशीने त्यालाच कशी लाथ मारली, सगळं हातवारे करून. तेरा वर्षांत इतका हसलेला बघितला नव्हता त्याला. ती पोट धरून हसत होती. हसताना टेबलाचा कोपरा हातात आला.

मग तिने विचारलं, "का सोडलं तुम्ही?"

मी म्हटलं, "वय झालं."

"आई, तेव्हा तू तीस वर्षांची होतीस."

दिना खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, एकदा एक पडाव उलटला खाडीत. बावीस माणसं बाहेर काढली. पास्कलमामा जायबंदी झाला. मग सोडलं. तिने विचारलं, "बावीसच्या बावीस वाचली, मग रुसलात कशाला एकमेकांवर?"

मी म्हटलं, एक जण राहिलं होतं आत. लहान मूल. ते सापडलं नाही.

हेच मी तेव्हा सांगितलं होतं, हेच आताही सांगितलं. तूही मला तेव्हा किनाऱ्यावर दोनदा विचारलंस, "जया, खरंच होतं का कोणी?" आणि मी म्हटलं होतं, "होतं. मी ऐकलं." ते खरंच आहे, रिटा. मी ऐकलं होतं.

जयवंती


३० ऑगस्ट १९९७

रिटा,

 सगळे जिवंत आहेत, हे आधी सांगून टाकते.

परवा दुपारी चार वाजता आमच्या मागच्या बिल्डिंगची पहिल्या मजल्याची गॅलरी खचली. बिल्डर कधीच गाशा गुंडाळून गेलेला, आणि गॅलरीला पावसाळाभर भेगा पडत होत्या. मी आवाजाने धावले. पोहोचले तेव्हा धुरळ्यात काही दिसत नव्हतं. धुरळा बसायला लागला तेव्हा दिसलं, स्लॅब तिरका लोंबतो आहे आणि त्याच्याखाली माझी मुलगी उभी आहे. दोन्ही हात वर.

शाळेतून येताना मागच्या गल्लीतून येते ती. पडताना बघितलं आणि खाली घुसली, कोणाला विचारायचं म्हणून नाही. तळमजल्यावरच्या खोल्यांमधून माणसं तिच्या काखेखालून वाकून बाहेर पळाली. पिंकी, पिंकीची आई, आणखी पाचसहा जणं. ती सगळी तिथे सत्यनारायणाला गेली होती. दिनाला त्या दिवशी सुट्टी होती, तोही आला. लोक लांब रस्त्यावर गेले आणि आम्ही तिघं उरलो.

अनुष्का म्हणाली, "आई, कोणी आहे का आत? सोडू का?"

मी दोन्ही कानांतला कापूस काढला.

तिचे ठोके. दिनाचे. माझे. रस्त्यावरच्या माणसांचे, पाण्यासारखे मिसळलेले. आणि अजून एक. आत, खोल, अगदी हळू.

आणि मला बोलता येईना.  एकदा मी म्हटलं होतं 'अजून एक आहे', आणि त्या तीन शब्दांचं काय झालं ते तुझ्या ओटीवर बसलेलं आहे, श्वासासाठी झगडतंय. हा ठोका खरा कशावरून? माझा कान खरा कशावरून? 'सोड' म्हटलं आणि आत कोणी असलं तर? 'आहे' म्हटलं आणि दिना आत गेला आणि तिचे हात सुटले तर?

दिना म्हणाला, "जया, बोल."

तिचे कोपर वाकायला लागले होते. "आई, आहे की नाही एवढंच सांग ना."

मी काहीच बोलले नाही. शेवटी दिनाच शर्ट काढून आत सरपटला. तेरा वर्षांनी त्याने भिंत बाजूला केली, उशी सरकवावी तशी. मोरीत पिंकीची आजी सापडली. घाबरून दाराला कडी लावून बसलेली. त्याने तिला कडेवर आणली. अनुष्काने स्लॅब सोडला आणि तिथेच बसली.

आजीला काही झालं नाही. बाहेर आल्यावर पहिलं विचारलं, "प्रसाद वाटला का?" दिनाने लोकांना सांगितलं की त्याने लोखंडी पाइप टेकवला होता. लोकांनी मानलं. पिंकीची आई संध्याकाळी येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी काही बघितलं नाही. आणि पुन्हा काही झालं तर तेव्हाही बघणार नाही." मग रडायला लागली. मी तिला पाणी दिलं.

पण अनुष्काचा उजवा खांदा सुजला आहे. मी वेळेवर बोलले असते तर सुजला नसता. आणि खांद्यापेक्षा वेगळंच काही झालं आहे. त्या दिवसापासून तिची ताकद खालीच उतरत नाही. ताट धरलं की वाकतं, दाराला टेकली की बिजागरी करकरते. ती कोणाला हात लावू देत नाही. दोन दिवस वेणी घातलेली नाही. मी जवळ गेले की हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभी राहते. म्हणते, "लांब राहा आई, मला कळत नाही किती लागतंय ते."

आज सकाळी मला म्हणाली, "तुला ऐकू आलं होतं. मी तुझं तोंड बघितलं. मग बोलली का नाहीस?"



जयवंती


१२ ऑक्टोबर १९९७

रिटा,

तांदळाच्या डब्यात आतापर्यंत तीन पाकिटं झाली असतील. आधीची नाही वाचलीस तरी चालेल. हे वाच.

पहिल्या पत्रात मी अनुष्काचं वय अकरा लिहिलं. तिला बारा पूर्ण झाली आहेत. तिचा जन्म चार जून पंचाऐंशीचा. तू बोटं मोजशील म्हणून एक वर्ष खाल्लं मी.

आता मोज.

पडाव उलटला तो चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात. लग्नाहून परतणारी माणसं होती, कोण किती बसले होते कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून मी चिखलात गुडघे टेकून ऐकत होते आणि पास्कलला सांगत होते, डावीकडे, वल्ह्यापाशी, शिडाखाली. बावीस झाले. पाणी शांत झालं. तरी मला ठोका ऐकू येत होता. बारीक आणि जलद, पाखराचा असतो तसा, पाण्यात बुडालेला. अगदी जवळ. मी म्हटलं, "अजून एक आहे. लहान मूल आहे." पास्कल गेला. रिकाम्या हाताने आला. मी म्हटलं, अजून ऐकू येतंय. पुन्हा गेला. तू म्हणालीस, पुरे आता, त्याचे ओठ निळे पडलेत. मी म्हटलं, अजून चालू आहे, रिटा, मूल जिवंत आहे. चौथ्या वेळी तो शिडाच्या दोरात अडकला, आणि दिनाने ओढून काढला तेव्हा त्याच्या छातीत गाळ होता.

पंधरा दिवसांनी मी जूचंद्रला माहेरी गेले होते. दुपारची वेळ. घरात कोणी नाही, खाडी लांब, ओहोटी. ओसरीवर बसले होते आणि तोच ठोका ऐकू आला. तसाच बारीक, तसाच पाण्यातला. मी उठून आत गेले, तो आत आला. विहिरीवर गेले, तो विहिरीवर. आई शेतावरून आली, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झाला गं? पानी पी आधी." मी पाणी प्यायले आणि पोटावर हात ठेवला.

पाळी चुकली होती. पण आपल्या त्या धावपळीत ती नेहमीच मागेपुढे व्हायची, मी लक्षच दिलं नव्हतं.

खाडीत कोणीच नव्हतं, रिटा. माझ्या भावासारख्या माणसाला मी माझ्याच पोटातल्या मुलीला शोधायला चार वेळा खाडीत धाडलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी निघालेही होते. वसईच्या स्टँडवरून परत फिरले. वाटलं, हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या बाळाकडे कसे बघाल. ते जन्माला येण्याआधीच त्याच्या नावावर एक माणूस मोडलेला असेल. मग ती झाली, आणि तिच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगणं आणखी अवघड झालं. दिनालाही सांगितलं नाही. शपथ घेऊन शक्ती सोडल्या तेव्हा त्याला वाटलं आपण दुःखाने सोडतो आहोत. मी भीतीने सोडली.

आणि अजून एक खोटं. जुलैत पहिल्यांदा ऐकलं असं लिहिलं, ते खरं नाही. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी गच्चीवर जाऊन कापूस काढते. तुमच्या गावच्या सिमेट्रीतल्या सगळ्या काड्या ओढल्याचे आवाज येतात. पास्कल तुमच्या आईवडिलांसाठी दोन मेणबत्त्या लावतो. मग थांबतो, श्वास गोळा करतो, आणि तिसरी लावताना म्हणतो, "त्या बाळासाठी. माझा हात पोहोचला नाही म्हणून." तेरा वर्षं मी हे ऐकते आणि खाली येऊन भाजी चिरते.

गेल्या आठवड्यात दिनाला सांगितलं. तो चपला घालून खाली गेला. टँकर आला होता. दोन भरलेले हंडे एका हातात घेऊन तो वर आला, न थांबता, न धापा टाकता, सगळ्यांच्या देखत. हंडे ठेवले आणि म्हणाला, "आता मला काही लपवायचं नाही. तिला सांग. मग रिटाला लिही."

अनुष्काला मी काल सांगितलं. ती भिंतीपाशी उभी होती, हात पाठीमागे. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

याच एका वाक्याची मला तेरा वर्षं भीती होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे. कान माझा होता." तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही. आज दिवसभर जेवली नाही. मला ती हातातून जाताना दिसते आहे, रिटा, आणि मी तिचा हातसुद्धा धरू शकत नाही.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. पास्कलला हे वाचून दाखव. या वर्षी त्याला ती मेणबत्ती लावू देऊ नकोस. ते बाळ जिवंत आहे, आणि पेरूच्या दिवसांत पेरूवर जगतं.

जयवंती


३ नोव्हेंबर १९९७

प्रिय रिटा,

काल तू स्वयंपाकघरातच थांबलीस, सिमेट्रीत आली नाहीस. तिथे काय झालं ते पास्कल त्याच्या पद्धतीने सांगेल, चार थापा घालून. म्हणून मी लिहिते.

तुझं कार्ड मी पाकिटात जपून ठेवलं आहे. "रविवारी दोन तारखेला सगळी या. त्याला वाचून दाखवलं. अंडी आणू नका, माझ्याकडे कोंबड्या आहेत." मी ते इतक्या वेळा वाचलं की दिना म्हणाला, पाठ झालं असेल तर खाली ठेव.

तू दार उघडलंस, माझ्याकडे बघितलं नाहीस. अनुष्काकडे बघितलंस. ती अंगणातच थांबली होती, केळीला हात लागू नये म्हणून अंग चोरून. तू म्हणालीस, "बापासारखीच आहे. उंबऱ्यावर बस." आणि तिच्या मानेमागे तळहात ठेवलास. तिचे खांदे खाली आले, रिटा. दोन महिन्यांत पहिल्यांदा. पाच मिनिटांत ती तुझ्या मांडीला टेकून झोपली आणि तू भाजी निवडत बसलीस, एका हाताने.

मी ओटीवर पास्कलसमोर बसले होते.  तो मग म्हणाला, "पत्रात लिहिलंयस ते सगळं खरं?" मी मान हलवली. तो म्हणाला, "तेरा वर्षं मी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करतोय. कधी मुलगा यायचा, कधी मुलगी."  उठला, काठी घेतली, आणि अनुष्का जागी झाल्यावर तिला म्हणाला, "चल, मला सोबत कर." मी दहा पावलं मागे चालले.

सिमेट्रीत गर्दी होती, प्रत्येक क्रुसापाशी फुलं आणि उजेड. त्याने आईवडिलांच्या मेणबत्त्या लावल्या. तिसरी पेटवली आणि अनुष्कापुढे धरली. तिने हात मागे घेतले. म्हणाली, "मोडेल माझ्या हातून."

"मोडली तर दुसरी घेऊ. पिशवीभर आणल्यात."

तिने धरली. दोन बोटांत, अंडं धरावं तशी. मोडली नाही.

पास्कल म्हणाला, "अगं पोरी, तुला शोधायला मी चार चार बुड्या मारल्या, आणि तू आईच्या पोटात बसून मजा बघत होतीस." ती रडायला लागली. म्हणाली, "सॉरी, मामा." तो म्हणाला, "सॉरी कसलं? मला वाटलं होतं तू गाळात आहेस. ही काय, दात पुढे असलेली, समोर उभी आहे." मग त्याला खोकला आला आणि तो क्रुसाला धरून वाकला. मी पुढे झाले तर त्याने हाताने थांबवलं. श्वास जमवून म्हणाला, "तेरा मेणबत्त्या लावल्या तुझ्या नावाने. ही चौदावी. मार फुंकर. वाढदिवसाला मारतात तशी. माझ्याकडे तेवढा दम नाही."

तिने फुंकर मारली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, मृतांच्या दिवशी मेणबत्ती विझवतंय कोण म्हणून. पास्कल त्यांना म्हणाला, "बघता काय? सापडली."

येताना तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चालला. डाव्या. उजवा अजून दुखतो हे मी सांगितलं नव्हतं, तिनेच सांगितलं असणार. मी कापूस घरीच ठेवून आले होते, पण ते दोघं काय बोलत होते ते ऐकलं नाही. कान असूनही नाही ऐकलं.

तू माझ्याशी दिवसभरात तीन वाक्यं बोललीस. मीठ दे, पाटा सरकव, एसटी साडेपाचची आहे. मी मोजली. आणखी मागायचा मला हक्क नाही, आणि तू उगाच गोड बोलली असतीस तर मी घाबरले असते. निघताना तू अनुष्काच्या हातात कापडी पिशवी दिलीस आणि काही न सांगता आत गेलीस. आम्हाला वाटलं, वाळवलेली केळी, सुकेळी असतील.

तिने ती गाडीत मांडीवर ठेवली. विरारला उतरलो तेव्हा धक्काबुक्की झाली, तिने पिशवी छातीशी धरली. तीन मजले चढली. घरी येऊन मी उघडली, तर आत गवतात सहा अंडी.

सहाच्या सहा शाबूत होती.

ती बघून अनुष्का कंगवा घेऊन आली आणि माझ्यासमोर पाठ करून बसली. मी वेणी घातली.

पिशवी माझ्याकडेच आहे. रिकामी परत करणार नाही. रविवारी तिघंही येऊ.

तुझी
जया